गांवच्या गटईच्या दुकानाचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत मंदिराच्या पायाभरणीचा, धर्मगुरूंच्या सेवेचा आणि उदार गृहस्थांच्या देणग्यांचा वृत्तान्त यावा, हें योग्यच आहे. परंतु मंदिराच्या पायरीपर्यंत माणसें ज्या पादत्राणांनीं चालत आलीं, तीं शिवणारा हात अशा वृत्तान्तांत सहसा येत नाहीं. पवित्र मिस्सेला निघतांना वहाणेचा अंगठा तुटला म्हणजे ज्याची आठवण होते, आणि अंगठा शिवून झाला म्हणजे ज्याचा विसर पडतो, त्या कारागिराच्या दुकानाचा इतिहास सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. वाचकांनीं तो परक्याचा न समजतां आपल्याच गांवचा समजून वाचावा, अशी विनंति आहे.

जोडे व वहाणा दुरुस्त करणाऱ्या कारागिरास आपल्या राज्यांत गटई कामगार म्हणतात; शासनाच्या कागदपत्रांतहि हाच शब्द रूढ आहे. त्याचें दुकान तें केवढें? एक पत्र्याची टपरी, नाहीं तर झाडाखालीं एक जुनी छत्री आणि खालीं गोणपाट. त्यावर लोखंडी साचा, हातोडी, आरी, रापी, मेणाचा गोळा, चुकांची डबी आणि पाण्याचें भांडें. ह्या दुकानास बहुधा पाटीहि नसते. पण पाटी नसली तरी इतिहास असतोच. आणि तो गांवाच्या इतिहासाहून वेगळा काढतां येत नाहीं.

चाकणजवळील महाळुंगे इंगळे हें खेड तालुक्यांतील गांव घ्या. शेजारचें चाकण हें पुणें-नाशिक रस्त्यावरील जुनें बाजाराचें ठिकाण. तेथील संग्रामदुर्ग किल्ला फिरंगोजी नरसाळा ह्यांनीं १६६० सालीं शाइस्तेखानाच्या फौजेपुढें सुमारें दोन महिने लढविला, हें सर्वांस ठाऊक आहे. आज मात्र हा मुलूख ओळखला जातो तो मोटारींच्या आणि दुचाक्यांच्या कारखान्यांवरून. बजाज कंपनीचा चाकणचा कारखाना १९९९ सालीं सुरू झाला, तो महाळुंगे गांवांतच. ज्या वाटेनें शेतकरी जाड तळाच्या वहाणा करकरवीत शेतावर जात असे, त्याच वाटेनें आज कामगार पोलादी टोपीचे बूट घालून पाळीवर जातो. त्या वहाणेपासून ह्या बुटापर्यंतचा जो काळ, त्याच काळांत गटईचें दुकान जन्मास आलें, वाढलें आणि आतां अडचणींत सांपडलें आहे.

प्रथम वहाणेचा काळ पाहूं. जुन्या गांवगाड्यांत बारा बलुतेदार असत. त्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट ह्यांच्याबरोबर चर्मकारहि होता. जुन्या दप्तरांत त्याचा उल्लेख चांभार ह्या जातिवाचक नांवानें येतो. शेतकऱ्याच्या वहाणा करणें, त्या वर्षभर सांधून देणें, आसूड व चामड्याच्या वाद्या पुरविणें आणि मोटेची डागडुजी करणें हीं त्याचीं कामें होतीं. मोट आतांच्या मुलांनीं पाहिलेली नाहीं, म्हणून सांगतों: बैलांनीं विहिरींतून पाणी ओढावयाची ती चामड्याची मोठी पिशवी असे आणि तिला खालीं पाणी ओतण्यासाठीं सोंड असे. मोट फाटली कीं पाणी थांबे, आणि पाणी थांबलें कीं मळा वाळे. म्हणजे आरीचा एक टाका चुकला तर त्याची झळ थेट भाकरीस लागे.

ह्या कामाचा मोबदला रोख नव्हता. सुगींत खळ्यावर धान्याची रास झाली म्हणजे तीतून ठराविक वांटा बलुतें म्हणून मिळे. त्यामुळें चर्मकारास गिऱ्हाईक शोधीत हिंडावें लागत नसे आणि शेतकऱ्यासहि दर टाक्याला पैसे मोजावे लागत नसत. ही व्यवस्था दुरून पाहतां मोठी गोड दिसते, आणि पुष्कळ लेखक तिचें गुणगान करतात. परंतु तिची दुसरी बाजू सांगितल्यावांचून इतिहास खरा होत नाहीं. रास जेवढी, तेवढाच वांटा. दुष्काळ पडला तर कामाचेंहि मोल बुडे. आपल्या श्रमाची किंमत आपण सांगण्याचा अधिकार कारागिरास नव्हता, आणि धंदा बदलण्याची मोकळीकहि जवळजवळ नव्हती. सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं ज्याच्या हातची वहाण पाटील आनंदानें पायांत घाली, त्या हाताचें पाणी मात्र तो पीत नसे. चर्मकाराचें घर बहुधा गांवाच्या कडेला असे. तेंच त्याचें दुकान. भररस्त्यांत, चार दुकानांच्या ओळींत बसण्याची त्यास मुभा नव्हती.

ह्या हातांत किती विद्या होती, तीहि पाहण्यासारखी आहे. कच्च्या कातड्यावर बाभळीची साल आणि हिरडा ह्यांची प्रक्रिया होऊन तें टिकाऊ चामडें बनें. हें कमावण्याचें काम मुख्यतः ढोर समाज करीत असे. चर्मकार तें चामडें पाण्यांत भिजवी, मग लोखंडावर ठेवून हातोडीनें ठोकी. भिजल्यानें चामडें मऊ होतें आणि ठोकल्यानें त्याचे तंतु दाट बसतात. असा ठोकलेला तळ न ठोकलेल्या तळापेक्षां किती तरी अधिक दिवस झिजत नाहीं. त्यानंतर रापीनें आकार कापावयाचा, आरीनें भोंक पाडावयाचें आणि मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनीं एकाच भोंकांतून ओवून आंवळावयाचा. मेणामुळें दोरा पाण्यानें कुजत नाहीं. आणि दोन दोरे असल्यामुळें एक तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवितो. असा जोडा उसवला तर उलगडून पुन्हा शिवतां येतो, आणि झिजला तर नवा तळ घेतां येतो. दुरुस्तीची सोय त्याच्या घडणींतच असते.

आतां प्रश्न असा कीं, घरीं बसणारा हा बलुतेदार रस्त्यावरील दुकानदार कसा झाला? ह्याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें कारण छावण्या आणि रस्ते. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर पुणें आणि खडकी येथें इंग्रजांच्या लष्कराच्या छावण्या वाढल्या. तेथें नाडीचे बूट, खोगिरें, पट्टे ह्यांची दुरुस्ती रोख पैशानें होऊं लागली. रोख मजुरीची चव एकदां कळल्यावर खळ्यावरच्या वांट्याची वाट पाहणें कोणास आवडेल? पुढें १ जून १९४८ रोजीं अहमदनगर-पुणें मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली, आणि हळूहळू प्रत्येक बाजारगांवीं एस. टी.चा थांबा झाला. थांब्यावर माणसें थांबत. थांबलेल्या माणसाचें लक्ष आपल्या तुटक्या वहाणेकडे जाई. आणि गटईवाला तेथेंच बसलेला असे.

दुसरें कारण मोटेचा अस्त. तेलाचीं इंजिनें आणि पुढें विजेचे पंप विहिरीवर आले. खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली, हें आपल्या जिल्ह्यांतील ह्या बदलाचें एक ठळक चिन्ह म्हणतां येईल. शेतकऱ्याचा घाम वांचला, हें चांगलेंच झालें. परंतु मोट गेली तशी चर्मकाराची शेतीशीं असलेली सर्वांत बळकट गांठ सुटली.

तिसरें कारण यंत्राचा जोडा. झेक देशांतील झ्लिन गांवीं १८९४ सालीं तोमाश बाटा ह्यांनीं भावंडांसह जोड्यांचा धंदा मांडला. त्या घराण्याची कंपनी १९३१ सालीं हिंदुस्थानांत स्थापन झाली आणि १९३४ पासून कलकत्त्याजवळ बाटानगर उभें राहूं लागलें. कापडी व रबरी तळाचे स्वस्त जोडे गांवोगांवीं पोहोंचले. स्वस्त जोडा गरिबाच्या पायांत आला, ह्याचा आनंदच मानला पाहिजे. पण त्याबरोबर एक मोठा पालट झाला: आजवर जो हात संपूर्ण जोडा घडवीत होता, त्याच्याकडे आतां केवळ ठिगळ लावण्याचें काम राहिलें. घडविणारा सांधणारा झाला. गटईच्या दुकानाचा खरा जन्म ह्या क्षणाचा. तें दुकान म्हणजे एका कारागिराची मुक्तताहि होती आणि अधोगतिहि. बलुत्याचें बंधन सुटलें, रोख पैसा हातांत आला, रस्त्यावर बसण्याची मोकळीक मिळाली. परंतु खात्रीचें धान्य गेलें आणि निर्मितीचा मान दुसऱ्याकडे गेला.

मान म्हणावा तर तो आधीं तरी कोठें पुरता मिळाला होता? पुण्यांतीलच एक उदाहरण आहे. चर्मकार समाजांत जन्मलेले पळवणकर बाळू हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबांत मैदान सांभाळीत, आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत. पुढें हिंदूंच्या संघांत त्यांस घेतलें. पण चहाच्या वेळीं त्यांस बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे. त्यांच्याच चेंडूंवर संघ जिंकत होता. १९११ सालीं हिंदी संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि तेथें शंभरांहून अधिक बळी घेऊन आले. त्यांचे बंधु विठ्ठल १९२३ सालीं हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. अस्पृश्यता १९५० च्या राज्यघटनेनें रद्द केली. तरीहि गटईवाल्याशीं बोलतांना आपला स्वर कसा असतो, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

आपल्या पवित्र ख्रिस्तसभेच्या परंपरेंत ह्या धंद्यास कमी लेखण्यास यत्किंचितहि आधार नाहीं. संत मार्क आलेक्झांड्रिया नगरांत पोहोंचले तेव्हां त्यांच्या वहाणेचा बंद तुटला, आणि तो सांधावयास त्यांनीं अनियानस नांवाच्या चर्मकारास दिला, अशी फार जुनी परंपरा आहे. काम करतांना अनियानसच्या हातांत आरी घुसली. संत मार्क ह्यांनीं ती जखम बरी केली आणि त्या घरांत श्रद्धेचा प्रवेश झाला. पुढें हाच अनियानस त्या नगराचा महागुरु म्हणून संत मार्क ह्यांच्या मागून आला. म्हणजे त्या थोर धर्मपीठाची कथा एका तुटक्या वहाणेपासून सुरू होते. संत क्रिस्पिन व क्रिस्पिनियन हे हुतात्मे जोडे शिवून पोट भरीत, अशी परंपरा आहे. २५ ऑक्टोबर हा त्यांचा सण, आणि युरोपांतील चर्मकार त्यांस आपले आश्रयदाते मानतात. संत जॉन बॉस्को ह्यांनीं तुरीन येथें अनाथ मुलांसाठीं जे उद्योग काढले, त्यांत १८५३ सालीं निघालेली जोडे शिवण्याची शाळा अगदीं पहिल्यांपैकीं होती.

ह्याहून आपल्या देशाशीं जवळचा एक प्रसंग आहे. १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींनीं टॉलस्टॉय फार्म काढला, तेव्हां तेथील लोकांस वहाणांची गरज पडली. त्यांचे स्नेही कॅलनबाख हे मारियनहिल येथील कॅथलिक ट्रॅपिस्ट संन्याशांच्या मठांत गेले, तेथें वहाणा करावयास शिकले, आणि परत येऊन त्यांनीं गांधीजींस ती विद्या दिली. गांधीजींनीं स्वतः शिवलेला एक जोड १९१४ सालीं जनरल स्मट्स ह्यांस भेट दिला, आणि स्मट्स ह्यांनीं तो १९३९ सालीं, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानें, आदरपूर्वक परत पाठविला. ज्या कामास आपल्या गांवांत नाक मुरडलें जाई, तें संन्याशांनीं प्रार्थनेबरोबर केलें, एका बॅरिस्टरानें आनंदानें शिकून घेतलें, आणि एका सेनापतीनें त्या कामाची आठवण पंचवीस वर्षें जपली.

आतां बुटाच्या काळाकडे येऊं. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली; १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; आणि पाहतां पाहतां पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली. नगर, मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांत येथून माणसें आलीं. त्यांत आपल्या धर्मबांधवांचींहि कुटुंबें होतीं. कारखान्यांत पाय वांचविण्यासाठीं पोलादी टोपीचे बूट घालावे लागतात. गटईवाल्यास वाटलें असेल कीं, एवढे पाय आले, आतां कामास तोटा नाहीं.

परंतु नव्या बुटाची घडण निराळी आहे. त्याचा तळ शिवलेला नसून सांच्यांत ओतून वरच्या भागास जोडलेला असतो. अशा कित्येक तळांचें द्रव्य हवेंतील ओलाव्यानें आंतून कमजोर होतें. न वापरतां ठेवलेला बूटहि कांहीं वर्षांनीं भुसभुशीत होऊन तुकड्यातुकड्यांनीं गळतो. तेथें आरी काय करणार? भोंक पाडावें तर तळच फाटतो. फार तर चिकटद्रव्याचे दोन हात देऊन, तें सुकूं देऊन, दाबून बसवावें, आणि कडेनें चार टाके घालावे. अखंड ओतलेल्या चपलेस तर तेवढीहि सोय नाहीं. ती तुटली कीं उकिरड्याची धन. ज्या वस्तूंत दुरुस्तीची सोयच ठेवलेली नाहीं, ती वस्तु विकणारा आपल्याबरोबर गटईवाल्याचीहि भाकरी नेतो, आणि गरीब गिऱ्हाइकास वरचेवर नवा खर्च करावयास लावितो. स्वस्त म्हणून घेतलेला जोडा वर्षांत दोनदां घ्यावा लागला, तर तो स्वस्त कसा?

ह्याच्या उलट चित्र कोल्हापुराकडे दिसतें. तेथें घडविणारा हात घडवीतच राहिला. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; तें महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांच्या कारागिरांचें आहे. २०२५ सालीं इटलींतील प्राडा ह्या धनाढ्य कंपनीनें तशाच वहाणा मिलान येथील प्रदर्शनांत कारागिरांचें नांव न घेतां मांडल्या, तेव्हां महाराष्ट्रांत गहजब झाला, आणि आपली प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हें कंपनीस मान्य करावें लागलें. चपलेसाठीं आपण सर्वजण रागावलों, हें ठीकच. पण जो आपल्या चौकांत बसून तीच चप्पल सांधतो, त्याचें नांव आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे?

शासनानें ह्या कारागिरासाठीं कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. चर्मकारांच्या उन्नतीसाठीं १९७४ सालीं स्थापन झालेलें महामंडळ आज संत रोहिदास ह्यांच्या नांवानें चालतें. गटई कामगारास शंभर टक्के अनुदानावर पत्र्याची टपरी देण्याची राज्याची योजना आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या रक्षणाचा कायदा २०१४ सालीं झाला. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत अठरा धंदे आहेत. त्यांत चर्मकाराचाहि आहे, आणि हत्यारांसाठीं पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें आहे. परंतु टपरी मिळाली तरी ती ठेवावयाची कोठें, हा प्रश्न उरतोच. जागा स्वतःची असावी, नाहीं तर स्थानिक संस्थेनें दिलेली असावी, असा नियम. जेथें रस्ते रुंद होत आहेत आणि जमिनीस सोन्याचा भाव आला आहे, तेथें चार हातांची जागा मिळणें टपरी मिळण्याहून कठीण. पथविक्रेत्यांचा कायदाहि मुख्यतः शहरांच्या संस्थांसाठीं आहे. जीं गांवें नांवानें गांवें आणि गर्दीनें शहरें झालीं आहेत, तेथें त्याचा हात नीट पोहोंचत नाहीं. एके काळीं ह्या कारागिरास जातीमुळें गांवांत जागा नव्हती. आज भावामुळें रस्त्यावर जागा नाहीं. कारण बदललें, परंतु उठविला जातो तो तोच मनुष्य.

वाचकहो, आपण चालणारे लोक आहों. महाळुंग्यापासून आळंदी आणि देहू दोन्ही जवळ. तेथून दरवर्षीं लाखों वारकरी पायीं पंढरीस जातात, आणि वाटेंत कित्येक गटई कामगार त्यांच्या वहाणा एक पैसा न घेतां शिवून देतात. आपलेहि भाविक हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस पायीं जातात. ज्याचा रोजचा धंदा टाक्यावर चालतो, तो यात्रेच्या दिवशीं टाका फुकट घालतो, ह्यापेक्षां निर्मळ दान कोणतें? उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत घरीं परतलेल्या मुलाच्या पायांत वहाणा घालण्यास बाप सांगतो. कारण अनवाणी तो चाकर, आणि वहाणा घालतो तो घरचा पुत्र. मनुष्यास पुत्राचा मान देणारी ती वहाण ज्याच्या हातून येते, त्यास आपण चाकराहून खालीं कसें बसवावें?

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें तीन लहान गोष्टींचा निश्चय करावा, असें सुचवावेंसें वाटतें. जोडा विकत घेतांना तो पुन्हा शिवतां येईल असा पाहून घ्यावा. तुटलेला जोडा टाकण्यापूर्वीं एकदां गटईवाल्याकडे न्यावा, आणि त्यानें सांगितलेली मजुरी घासाघीस न करतां द्यावी. त्याच्या पूर्वजांस किंमत सांगण्याचा अधिकारच नव्हता, हें स्मरावें. आणि त्यास नांवानें व आदरानें हांक मारावी. ग्रामसभेंत किंवा नगरपालिकेंत आपला शब्द चालत असेल, तर चार हातांच्या जागेसाठीं तो खर्ची घालावा.

असो. मंदिराच्या भिंतींस जुबिलीचा रंग लागेल, घंटा वाजेल, आणि सर्वजण नवे जोडे घालून येतील. ते जोडे बाहेर पायरीजवळ काढतांना, अथवा तेच घालून आंत गुडघे टेकतांना, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसलेल्या त्या कारागिराचें क्षणभर स्मरण व्हावें. आपल्या वाडवडिलांचीं पावलें ज्यानें धरून ठेविलीं, त्याच्यासाठीं एक प्रार्थना आणि उद्यांपासून एक नमस्कार, एवढें तरी आपण त्याचें देणें लागतों.